प्रकरण चौदावे : दोनशे नव्वद ग्रॅम

गुंजेचं वजन घटल्याचं कळलं ते मंगळवारी सकाळी, आणि कळलं तेही काटेमास्तरांच्याच हातून.

मास्तरांची बायको वारून आठ दिवस झाले होते. या आठ दिवसांत तान्ह्या नातीला, गुंजेला, तोलायचं कुणालाच सुचलं नव्हतं, कारण ते काम तिचं होतं. रोज सकाळी सातला ती गुंजेचे कपडे काढायची, काट्याच्या ताटात मऊ फडकं अंथरायची, काटा शून्यावर घ्यायची आणि पोरीला अलगद ठेवायची. आकडा वहीत लिहायची, पोरीला परत गुंडाळायची आणि मग सुनेच्या मांडीवर द्यायची. त्या वेळी खोलीत कुणी आलेलं तिला चालायचं नाही. दार उघडं राहिलं की पोरीला वारा लागतो, म्हणायची.

आज मास्तरांनी सगळं तसंच केलं. फडकंही तेच घेतलं. काट्याचा आकडा थरथरला आणि थांबला. दोन किलो आठशे नव्वद.

त्यांनी वही उघडली. शेवटची ओळ बायकोच्या हातची होती. ती गेली त्याच सकाळची. तीन किलो एकशे ऐंशी.

चाळीस वर्षं लोकांचे काटे दुरुस्त करणारा माणूस पहिला संशय काट्यावरच घेतो. हा काटा त्यांनी स्वतः जुळवला होता. पोरगी दवाखान्यातल्या काचपेटीतून घरी यायच्या आदल्या आठवड्यात दुकानातला एक जुना काटा खोलून, नवं ताट बसवून, पाच ग्रॅमपर्यंत बिनचूक करून. त्यांनी गुंजेला गादीवर ठेवलं, पेटीतून तपासणीची वजनं काढली. पाचशे ग्रॅम. एक किलो. दोन किलो. दोन आणि एक मिळून तीन. काटा प्रत्येक वेळी बरोबर बोलला. आपला काटा बरोबर निघाल्याचं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.

गुंजेला त्यांनी पुन्हा ठेवलं. दोन किलो आठशे नव्वद.

"किती आलं?"

थोरली दारात उभी होती. थोरली म्हणजे त्यांची मुलगी, गुंजेची आत्या. आई गेल्याचं कळल्यापासून ती इथेच होती. तिचं स्वतःचं पाळणाघर होतं, आणि लहान मुलांच्या बाबतीत तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

मास्तर बाजूला सरकले. तिने पुढे होऊन काटा पाहिला, वही पाहिली, आणि बोटांवर न मोजता बोलली, "दोनशे नव्वद. बाबा, आठ दिवसांत दोनशे नव्वद ग्रॅम गेले? अहो, हिच्या अंगावर होतंच किती!"

आतल्या खोलीतून सुनेचा आवाज आला. "आकडा काय आला हो, बाबा?"

"तू ये बाहेर," थोरली म्हणाली. "ये आणि तुझ्या डोळ्यांनी बघ."

*

दुपारी एकपर्यंत घरातली सगळी माणसं पुढच्या खोलीत जमली होती. ही खोली अर्धी बैठकीची आणि अर्धी मास्तरांच्या कामाची. एका भिंतीला बाक, त्यावर खोललेले काटे, स्प्रिंगा, घासकागद, लाकडी पेट्यांतली वजनं. दुसऱ्या भिंतीला सोफा. बायको हयात असताना या दोन भिंतींमध्ये एक पडदा होता. धुवायला म्हणून काढला तो परत लावायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

धाकटा, म्हणजे गुंजेचा बाप, लिफ्ट दुरुस्त करायचा. तो कामावरून तसाच आला होता, हाताला काळं वंगण. मामा, म्हणजे गेलेल्या बाईचा सख्खा भाऊ, बेकरी बंद करून आला होता आणि त्याच्या भुवयांवर अजून पीठ होतं. सून सोफ्याच्या कडेला बसली होती. गुंज तिच्या मांडीवर झोपली होती, आपल्यावरून काय चाललंय याची खबर नसल्यासारखी.

"मी सरळ बोलते," थोरली म्हणाली.

"तू वाकडं कधी बोललीस?" मामा म्हणाला.

"मामा, थट्टा नको. आईच्या हातात होती तोवर पोर रोज तीस ग्रॅमनं वाढत होती. रोज संध्याकाळी मी फोन करायचे, आई आकडा सांगायची. तीस, तीस, पस्तीस. आई गेली आणि आठ दिवसांत पोर खंगली. याचा अर्थ काय होतो तो तुम्हीच काढा."

"ताई, घर कसं होतं या आठ दिवसांत ते तुला दिसत होतंच की," धाकटा हळूच म्हणाला.

"दिसत होतं. म्हणून तर तोंड शिवून बसले होते. पण आता काटा बोलला." तिने भावजयीकडे पाहिलं. "दर दोन तासांनी पाजायला सांगितलंय तुला. पाजत होतीस?"

"पाजत होते," सून म्हणाली. "सोमवारी, मंगळवारी दूध कमी आलं. रडून रडून. पण उठवून पाजत होते."

"ती ओढते का नीट?"

"दमते. ओढता ओढता झोपते. मग पायाला गुदगुल्या करून उठवते."

"गुदगुल्यांनी पोर वाढत असतं तर मी पाळणाघरात सर्कस उघडली असती."

मामाला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घालवलं.

"ताई, ती नऊ आठवडे आधी आलेली आहे," सून म्हणाली. तिचा आवाज बारीक होता पण थांबत नव्हता. "बाराशे नव्वद ग्रॅमची होती. डॉक्टरीणबाई सांगतात, चौदा आठवडे मोजूच नका. ज्या तारखेला यायची होती तिथून मोजा. त्या हिशेबानं ती पाच आठवड्यांची आहे."

"वय म्हणजे काय घड्याळ आहे, मागे करायला? माझ्याकडे आत्ता बावीस पोरं आहेत. साडेतीन महिन्यांचं पोर मान धरतं, हसतं, सहा किलोचं असतं. मूल ते मूल."

"नाही," सून म्हणाली. "त्या मुलांनी शेवटचे दोन महिने आत राहून अंगावर चरबी घेतली. हिला ते मिळालंच नाही. हिला तेच काम बाहेर येऊन करायचंय. श्वास घेत, दूध ओढत, वर तापमान सांभाळत. म्हणून दमते."

हे बोलताना ती पहिल्यांदाच ताठ बसली होती. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला असलेली ही मुलगी सहा आठवडे काचपेटीशेजारी स्टुलावर बसून राहिली होती. तिथे येणाऱ्या प्रत्येक नर्सला तिने प्रश्न विचारून भंडावलं होतं. मास्तरांनी ते पाहिलं होतं.

"बरं, तू शहाणी," थोरली म्हणाली. "मग तुझ्या शहाणपणानं वजन का घटलं?"

सुनेने गुंजेचं दुपटं सारखं केलं.

"माझं ऐका सगळ्यांनी. मी आज संध्याकाळी पोरीला घेऊन जाते. एक महिना. हिचं दूध काढून पाठवायचं असेल तर पाठवू दे, पण वरचं मी देणार. पावडरचं, आणि डब्यावर लिहिलंय त्याच्यापेक्षा एक चमचा घट्ट. महिन्यात गाल दिसतील."

"घट्ट नाही द्यायचं!" सून म्हणाली. "हिच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. पोट फुगतं. आणि नुसतं भराभर वजन चढवणंही बरं नसतं, पुढे त्रास होतो, असं बाई म्हणाल्या होत्या."

"तुझं पातळ तरी कुठं झेपतंय तिला?"

धाकट्याने वंगणाचा हात पँटला पुसला.

"हे बघा," मामा म्हणाला, "मी अडाणी माणूस. पण भट्टीत पाव घाईनं फुगवला तर वरून टोपी छान दिसते आणि कापला की आत पोकळ. लोक माझ्याच तोंडावर फेकतात. घट्टबिट्ट मला काही पटत नाही."

"मामा, ती पाव नाही."

"मग बावीस पोरांतली तेविसावी पण नाही."

"मग काय करायचं?" थोरली आता धाकट्याकडे वळली. "तू बाप आहेस ना? तोंड उघड."

धाकटा बायकोकडे न पाहता म्हणाला, "थोडे दिवस ताईकडे राहिली तर... म्हणजे हिलाही विश्रांती मिळेल. आई नाही आता मदतीला. मी दिवसभर बाहेर."

सुनेने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचं वाक्य गिळून बसला.

*

हे सगळं चाललं होतं तेव्हा मास्तर बाकाशी पाठमोरे बसून वही पाहत होते.

ही वही त्यांनी आजवर आतून पाहिली नव्हती. रोज जेवायला बसताना ते विचारायचे, "किती?" ती म्हणायची, "तीस." ते म्हणायचे, "छान," आणि पहिला घास घ्यायचे. एवढंच.

त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. पोरगी घरी आली त्या दिवशी एक किलो नऊशे. दुसऱ्या दिवशी पंधरा ग्रॅम चढली. तिसऱ्या दिवशी काहीच नाही. चौथ्या दिवशी पंचेचाळीस. मग दहा. मग एकदम पस्तीस, मग पाच उतरली. तीन आठवडे आकडे असेच उड्या मारत होते आणि उड्या मारत मारत दोन किलो तीनशे सत्तरला पोचले होते.

मग बाविसाव्या दिवसापासून उड्या थांबल्या. तीस. तीस. पंचवीस. तीस. पस्तीस. तीस. तीस. सत्तावीस दिवस.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

कारखान्यांत काटे तपासायला गेलं की तिथे एक वही असते. काट्याची रोज सकाळी चाचणी घ्यायची आणि आकडा लिहायचा, असा नियम. ज्याच्याकडे काम असतं तो कंटाळला की महिन्याच्या शेवटी एका बैठकीत सगळं पान भरून टाकतो. मास्तर ते पान दहा हात लांबून ओळखायचे. खरा काटा कधी एकसारखा बोलत नाही. हवा बदलते, हात बदलतो, ठेवायची जागा इंचभर सरकते. आणि इथे तर ताटात जिवंत पोर होती. ती कधी आदल्या दुधाचं पोट घेऊन येणार, कधी मोकळी होऊन येणार. तिचं वजन सत्तावीस दिवस असं शिडी चढल्यासारखं चढणं शक्यच नव्हतं.

त्यांनी बाविसाव्या दिवसाची तारीख पाहिली. तो बुधवार होता. आदल्या दिवशी, मंगळवारी, थोरली बाळाला बघायला आली होती. सगळ्यांसमोर तिने भावजयीला म्हटलं होतं, तुझ्या दुधात दम नाही, पोर माझ्याकडे दे. सून जेवली नव्हती. दोन दिवस तिला दूध आलं नव्हतं. आणि त्या मंगळवारची नोंद वहीत होती. उणे दहा. ती वहीतली शेवटची खरी नोंद होती.

मास्तरांनी मनात गणित केलं. दोन किलो तीनशे सत्तर ते दोन किलो आठशे नव्वद. पस्तीस दिवसांत पाचशे वीस ग्रॅम. दिवसाला पंधरा. कमी होतं. पंचवीस-तीस हवं होतं. पण पोरगी उतरली नव्हती. एकही दिवस खंगली नव्हती. ती आपल्या चालीनं चढत होती आणि तिच्या आजीनं तिच्या नावावर नसलेले ग्रॅम लिहिले होते.

वहीत बोट घालून ती मिटून ते बसून राहिले. ही गोष्ट घरात त्यांच्याशिवाय कुणाला कळणार नव्हती. आकड्यांकडे असं बघायची नजर इथे दुसऱ्या कुणाला नव्हती. गप्प बसलं तर बायको होती तशी राहील. सगळे म्हणतील, आजीच्या हातात पोर कशी वाढत होती. चाळीस वर्षं लोकांच्या काट्यांना तोंडावर खोटं म्हणताना त्यांची जीभ कधी अडखळली नव्हती. पण ती लोकांची माणसं होती. ही आठ दिवसांपूर्वी गेलेली त्यांची बायको.

पाठीमागे सून बोलत होती.

"घेऊन जा, ताई."

"काय?" हा धाकट्याचा आवाज.

"घेऊन जाऊ देत. माझंच कुठेतरी चुकलं असणार. आईंना जमत होतं. मला नाही जमलं. माझ्यापायी तिचं वजन जायला नको." तिचा आवाज कोरडा झाला होता. "फक्त घट्ट देऊ नका. तेवढं वचन द्या."

थोरली उठली. "आण. तिची दुपटी कुठं आहेत?"

"बस खाली," मास्तर म्हणाले.

*

ते बाकावरून उठून खोलीच्या मधोमध आले, जिथे पडदा असायचा.

"पोरीचं वजन घटलेलं नाही," ते म्हणाले.

"बाबा, मी स्वतः पाहिलं—"

"आजचा आकडा खरा आहे. वहीतले खोटे आहेत."

कुणालाच लगेच कळलं नाही. मास्तरांनी वही उघडून टीपॉयवर ठेवली आणि जाड बोट ओळींवरून फिरवलं. "इथपर्यंत खरं आहे. बघा, आकडे कसे खालीवर होतात. इथून पुढे खोटं. सत्तावीस ओळी. तुमची आई मनानं लिहीत होती."

मामाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो सावकाश उभा राहिला. "भावोजी, तोंड सांभाळा. माझी अक्का होती ती."

"माझी बायको होती."

"आठच दिवस झालेत आणि तुम्ही तिला खोटारडी ठरवताय? ती उत्तर द्यायला नाही म्हणून?"

"ती असती तर तिच्यासमोर म्हणालो असतो. मामा, तुमच्या बेकरीचा काटा मी तीनदा खोटा ठरवला. तेव्हा तुम्ही चिडलात, पण काटा बदललात. माझा शब्द चुकला होता का कधी?"

मामा उभाच राहिला.

"आणि का लिहिलं असेल आईनं?" थोरली म्हणाली. तिने वही ओढून घेतली होती आणि तारखा वाचत होती. वाचता वाचता तिचं बोट एका ओळीवर थांबलं. "हा बुधवार."

"हो."

"मी आले होते त्याच्या दुसऱ्या दिवशीचा."

"हो."

"म्हणजे माझ्यामुळे? माझ्या भीतीनं आई खोटं लिहायला लागली, असं म्हणायचंय तुम्हाला?" तिचा आवाज चढला. "मी रोज फोन करत होते तो काळजीनं करत होते!"

"काळजीनंच. आणि मी रोज जेवताना विचारत होतो तेही काळजीनं. आपण सगळे त्या बाईकडे तोंड वासून आकडा मागत होतो. तिनं आपल्याला आकडा दिला. कुणी वही उघडून बघितली? काट्यांवर पोट भरणारा मी, मीसुद्धा नाही." मास्तरांचा श्वास लागला होता. ते तसेच बोलत राहिले. "तिनं खोटं लिहिलं, ते मी झाकणार नाही. पण तिला त्यासाठी नावं ठेवायची असतील तर आधी माझं घ्या, मग तुझं."

"मला हे पटत नाही," थोरली म्हणाली. पण वही तिने सोडली नाही.

धाकटा बायकोजवळ येऊन बसला. "म्हणजे हिची काही चूक नाही," तो म्हणाला, अर्धा स्वतःशीच. "मग ताई, बाळ कुठंच जात नाही. इथेच राहील."

"अर्ध्या तासापूर्वी तूच म्हणालास—"

"म्हणालो. चुकलो. लिफ्ट अडकली की मी आधी दोर बघतो, आत बसलेल्या माणसाला शिव्या घालत नाही. घरात मात्र उलटं केलं."

मास्तरांना वाटलं होतं, आता सुनेच्या चेहऱ्यावर उजेड येईल. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. पण ती वहीकडे बघत होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

"पूड," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या दुधात मिसळायची पूड, बाबा. ताकद वाढवणारी. घरी आल्यावर चालू होती." ती सावकाश बोलत होती, एकेक शब्द ठेवत. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, साथ चालू आहे, एवढ्या लहान पोरीला गर्दीत आणू नका, तुमचं तर काट्याचंच घर आहे, दर आठवड्याला फोनवर वजन कळवत जा. मी कळवत होते. दोन किलो सहाशे चाळीस सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, वा, मस्त चाललंय, मग आता पूड नको, नुसतं अंगावरचं पुरे." ती थांबली. "दोन सहाशे चाळीस कधीच नव्हतं ना?"

मास्तरांनी मान हलवली. "अडीचच्या आसपास असेल."

"म्हणजे तिला पूड हवी होती. आणि मी बंद केली. माझ्या तोंडानं आकडा सांगून." गुंज जागी होऊन कुरकुरायला लागली तसं तिने तिला खांद्यावर घेतलं. "सव्वीस दिवस झाले. म्हणून ती दमते. म्हणून ओढताना झोपते."

हे मास्तरांच्या गणितात आलं नव्हतं. बायकोनं सुनेला वाचवायला लिहिलं, इथपर्यंत त्यांनी पाहिलं होतं. ते आकडे घराबाहेर गेले, दवाखान्यात पोचले आणि तिथून परत येऊन पोरीच्या तोंडचं काढून गेले, हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

"अक्काला हे माहीत नसणार," मामा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "माहीत असतं तर तिनं हात तोडून दिला असता."

"माहीत नसणार," सून म्हणाली. "पण मला विचारायचं होतं त्यांनी. मला. आम्ही दोघी एका खोलीत होतो दिवसभर. मला म्हणायचं, पोर कमी वाढते आहे, आपण काय करू या? मी सहा आठवडे काचपेटीपाशी बसले, बाबा. एक दिवस तिचा श्वास थांबला आणि परत आला, ते मी बघितलं. मला पंधरा ग्रॅमचं सत्य झेपलं नसतं का? तुम्ही सगळे मला काचेचं भांडं समजता आणि वर माझ्याच हातून फुटलं म्हणता."

ती उभी राहिली होती. या घरात लग्न करून आल्यापासून तिचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"मी त्यांच्यावर चिडले आहे," ती म्हणाली. "त्या गेल्यात तरी चिडले आहे. कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे."

मामाने तोंड उघडलं. मास्तरांनी हात वर केला.

"चिडू दे तिला," ते म्हणाले. "तिचा हक्क आहे."

थोरलीने वही मिटली. डोळे पुसायचा तिने प्रयत्नही केला नाही. "उद्या दवाखान्यात जाणार असाल तर मी येणार," ती म्हणाली. "आकडा मला माझ्या डोळ्यांनी बघायचाय. तिथल्या काट्यावर."

"या," सून म्हणाली. "पण बाळ माझ्या मांडीवर असेल. आणि बाईंशी मी बोलेन. तुमच्या बावीस पोरांचं तिथे काही सांगायचं नाही."

"बघू."

"बघू नाही. नाहीतर येऊ नका."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. भांडण वाढणार असं सगळ्यांना वाटलं. पण ती नुसतीच म्हणाली, "आई गेली आणि तुला तोंड फुटलं," आणि पाळणाघरात फोन करायला बाहेर गेली. तिच्या बोलण्यात टोमणा किती होता आणि कौतुक किती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

गुंज आता मोठ्यानं रडत होती. एवढ्याशा छातीतून येणारा तो आवाज बाकावरच्या पत्र्यांना लागून परत येत होता. सून तिला घेऊन आत गेली. धाकट्याने साबण लावून हात दोनदा धुतले आणि तोही आत गेला. मामा सोफ्यावर टेकला, रिकाम्या खोलीत, भुवयांवरचं पीठ तसंच.

"तीनदा नाही, दोनदा," तो बाकाकडे बघत म्हणाला.

"काय?"

"माझा काटा. दोनदा खोटा ठरवलात. तिसऱ्यांदा माझ्या पोऱ्यानं आधीच ताटाखालचा दगडाचा तुकडा काढून टाकला होता."

"तिसऱ्यांदाही खोटाच होता. मी बोललो नाही. अक्का म्हणाली होती, जाऊ द्या, माझा भाऊ आहे."

मामा हसला, आणि हसता हसता त्याला रडू कोसळलं. मास्तर त्याच्या शेजारी बसले. त्यांना स्वतःला रडू आलं नाही.

मग त्यांनी उठून दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई वॉर्डात होत्या. फोनवरची नर्स म्हणाली, उद्या सकाळी नऊला घेऊन या. काय विशेष?

"वजनाबद्दल बोलायचंय," मास्तर म्हणाले.

"घटलं का?"

"नाही. घटलं नाही."

"मग?"

आतल्या खोलीतलं रडणं थांबलं होतं. गुंज दूध ओढत असणार. मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. वाक्य त्यांच्या जिभेवर होतं आणि ते फक्त सहा शब्दांचं होतं.

"उद्या सांगतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

माझ्या बायकोनं सत्तावीस आकडे खोटे लिहिले. घरातल्या माणसांना ते सांगून झालं होतं. परक्या माणसाला सांगायचं अजून राहिलं होतं.